कोंडीतला भाव

ऑक्टोबर २००८ मध्ये जगभरचे शेअर बाजार कोसळत होते. लेहमन ब्रदर्स बुडून जेमतेम सहा आठवडे झाले होते, बँका एकमेकींना कर्ज द्यायला कचरत होत्या आणि मोटारींचा खप घसरत चालला होता. अशा दिवसांत जर्मनीतल्या फोक्सवॅगन कंपनीचा शेअर २४ ऑक्टोबरच्या शुक्रवारी सुमारे २१० युरोवर बंद झाला आणि पुढच्याच मंगळवारी त्याने १,००० युरोंचा आकडा ओलांडला. काही तासांपुरती ही कंपनी बाजारमूल्याच्या हिशेबात एक्सॉन मोबिललाही मागे टाकून जगात पहिली झाली. मधल्या शनिवार-रविवारी फोक्सवॅगनने नवं इंजिन काढलं नव्हतं, की कुठली मोठी ऑर्डर मिळवली नव्हती. कारखाने तेच होते, गाड्या त्याच होत्या, धंद्यापुढची मंदीही तीच होती. पण ज्यांनी तिचे शेअर आधीच विकून ठेवले होते, त्यांना ते परत विकत घ्यायचे होते आणि बाजारात ते मिळत नव्हते. त्या चार दिवसांत भाव जवळपास पाचपट होण्याचं हेच कारण.

हाती नसलेला शेअर विकणं आणि भाव उतरल्यावर तो घेऊन देणं, म्हणजे शॉर्ट सेलिंग, या प्रकाराकडे सामान्य गुंतवणूकदार संशयाने पाहतो. दुसऱ्याच्या नुकसानीवर पैसा लावणारा माणूस, अशी मंदीवाल्याची प्रतिमा आहे. त्यामुळे मंदीवाल्यांची कोंडी झाली, म्हणजेच शॉर्ट स्क्वीझ झाला, की लोकांना न्याय झाल्यासारखं वाटतं. या दोन्ही भावना समजण्यासारख्या आहेत, पण त्यांच्या आधारे बाजार समजून घेता येत नाही. शेअरचा भाव खोटा होतो तो प्रामुख्याने एका कारणाने: हवा तेव्हा शेअर उसना मिळण्याची किंवा परत विकत मिळण्याची वाट बंद होते तेव्हा. मंदीवाल्याला बाजारात शिरता आलं नाही तर भाव फाजील वर राहतो आणि शिरलेल्या मंदीवाल्याला बाहेर पडता आलं नाही तरीही भाव फाजील वर जातो. हे एकदा लक्षात आलं की या विषयातले बरेचसे वाद सुटतात.

आधी व्यवहार नीट पाहू. शेजाऱ्याकडून पोतंभर गहू उसना घेतला, आजच्या भावाने विकला आणि सुगीत भाव उतरल्यावर तेवढाच गहू घेऊन पोतं परत केलं, तर मधला फरक आपला. शॉर्ट सेलिंग हेच आहे; फक्त उसने देणारे बहुधा म्युच्युअल फंड, विमा कंपन्या किंवा दलाल असतात, ते त्यासाठी व्याज घेतात आणि तारण मागतात. आता हिशेब करू. १०० रुपये भावाचे १,००० शेअर एकाने विकत घेतले आणि दुसऱ्याने शॉर्ट केले. घेणाऱ्याचं जास्तीत जास्त नुकसान १ लाख रुपये. कंपनी पार बुडाली तरी त्याहून जास्त नाही. विकणाऱ्याचा जास्तीत जास्त फायदा १ लाख. पण भाव ३०० झाला तर त्याचं नुकसान २ लाख आणि १,००० झाला तर ९ लाख. त्याच्या तोट्याला वरची मर्यादाच नाही. शिवाय घेणाऱ्याचा अंदाज चुकला तर त्याची गुंतवणूक लहान होत जाते, शॉर्ट केलेल्याचा चुकला तर त्याचं देणं फुगत जातं. ते फुगलं की दलाल वाढीव तारण (मार्जिन) मागतो आणि ते भरता आलं नाही तर मिळेल त्या भावाला शेअर घेऊन सौदा कापतो. म्हणजे भाव वाढला की एरवी खरेदी कमी होते, पण मंदीवाल्यांची खरेदी मात्र भाव वाढला की वाढते. एकाच्या नाइलाजाच्या खरेदीने भाव चढतो आणि त्या चढलेल्या भावाने दुसऱ्याला नाइलाज होतो. स्क्वीझ म्हणतात तो हाच.

फोक्सवॅगनमध्ये नेमकं हेच घडलं. त्या रविवारी पोर्शे या कंपनीने जाहीर केलं, की फोक्सवॅगनचे ४२.६ टक्के शेअर तिच्याकडे आहेत आणि आणखी ३१.५ टक्क्यांवर तिचे ऑप्शन आहेत. बेरीज ७४.१ टक्के. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याकडे २० टक्क्यांहून थोडे जास्त शेअर होते आणि ते राज्य विकणार नव्हतं. उरले ६ टक्क्यांहून कमी. शॉर्ट झालेले शेअर मात्र १२ टक्क्यांच्या आसपास होते. वजाबाकी कोणालाही करता येण्यासारखी होती आणि सोमवारी सकाळी प्रत्येक मंदीवाल्याने ती केली. यातल्या बहुतेकांचा अंदाज अविचारी नव्हता. मोटारधंद्याची अवस्था पाहता फोक्सवॅगनचा शेअर महाग आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पण सोमवारपासून कंपनीची किंमत किती, हा प्रश्न राहिलाच नाही. सुटकेसाठी किती द्याल, एवढाच प्रश्न उरला. बुधवारी पोर्शेने आपल्याकडचा काही हिस्सा मोकळा करण्याची तयारी दाखवली आणि भाव जवळपास निम्म्यावर आला. माल येताच भाव उतरला, यावरूनच तो भाव कशाचा होता ते स्पष्ट होतं. नुकसान मात्र सट्टेबाजांपुरतं राहिलं नाही. फोक्सवॅगनचं वजन जर्मनीच्या डॅक्स निर्देशांकात इतकं वाढलं, की ते १० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची वेळ शेअर बाजारावर आली. निर्देशांकाप्रमाणे गुंतवणूक करणाऱ्या फंडांना त्या फुगलेल्या भावाची दखल घेणं भाग होतं आणि त्या फंडांत सामान्यांची बचत असते.

मुंबईला हा खेळ नवा नाही. १९८२च्या मार्चमध्ये कोलकात्याच्या मंदीवाल्यांच्या गटाने मुंबई शेअर बाजारात रिलायन्सचे शेअर हाती नसताना विकायला सुरुवात केली आणि १३१ रुपयांच्या आसपासचा भाव पाहता पाहता १२१ पर्यंत आणला. तेव्हा बाजारात बदला पद्धत होती. पंधरवड्याच्या अखेरीस सौदा पुरा करायचा नसेल तर तो पुढच्या पंधरवड्यात ओढायचा आणि त्यासाठी आकार मोजायचा. एरवी हा आकार तेजीवाला देतो, कारण त्याला पैसे उभे करायला वेळ हवा असतो. पण विकलेला माल मंदीवाल्याकडे नसेल आणि घेणारा डिलिव्हरीसाठी अडून बसला, तर उलट मंदीवाल्यालाच आकार द्यावा लागतो. त्याला दलाल स्ट्रीटवर उंधा बदला म्हणत. धीरूभाई अंबानींच्या बाजूचे मानले जाणारे दलाल पडत्या भावात शेअर घेत राहिले आणि एप्रिलअखेरच्या शुक्रवारी त्यांनी डिलिव्हरी मागितली. मंदीवाल्यांकडे शेअर नव्हते. उंधा बदला किती, यावर तडजोड होईना आणि अखेर शेअर बाजाराचं कामकाज काही दिवस बंद ठेवावं लागलं. त्या काळात मंदीवाले मिळेल तिथून, मिळेल त्या भावाने रिलायन्सचा कागद गोळा करत होते. मेच्या सुरुवातीला भाव २०० रुपयांच्या घरात गेला. दीड महिन्यात १२१ वरून २०० वर गेलेला हा भाव रिलायन्सच्या नफ्या-तोट्यातून आलेला नव्हता. खालचा भाव हाती नसलेल्या मालाच्या विक्रीचा होता आणि वरचा भाव न मिळणाऱ्या मालाच्या खरेदीचा.

यावर कोणी म्हणेल, की मग मूळ दोष मंदीवाल्याचाच. त्याने नसलेला माल विकला नसता तर ही वेळच आली नसती. हा आक्षेप चारशे वर्षं जुना आहे. १६०९ मध्ये इझाक ल मेर या व्यापाऱ्याने ॲमस्टरडॅममध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर शॉर्ट केले, तेव्हा कंपनीच्या संचालकांनी तक्रार केली, की यात विधवा आणि अनाथांचं नुकसान होतं. १६१० मध्ये मालकीचे नसलेले शेअर विकण्यावर तिथे बंदी आली. पण या आक्षेपात एक गोष्ट नजरेआड होते. शेअर विकून निघून गेलेला माणूस परत येईलच असं नाही. शॉर्ट केलेल्याला मात्र परत यावंच लागतं. त्याची आजची विक्री ही त्याची उद्याची सक्तीची खरेदी असते. बाजार पडतो तेव्हा नफा खिशात घालायला जे पहिले घेणारे पुढे येतात, त्यांत शॉर्ट कव्हरिंग करणारे, म्हणजे विकलेले शेअर परत घेणारे मंदीवाले, असतात. त्यामुळे निव्वळ विक्रीच्या जोरावर चांगल्या कंपनीचा भाव कायमचा पाडून ठेवणं कठीण असतं. पाडलेल्या भावात दुसरा कोणीतरी घेतो आणि मंदीवाल्याला त्याच्याकडूनच महाग परत घ्यावं लागतं. भाव पडून पडलेलाच राहिला, तर बहुतेक वेळा त्यामागे कंपनीच्या ताळेबंदातलं काहीतरी असतं.

मंदीवाला बाजारात नसेल तर काय होतं, हेही आपल्याला माहीत आहे. मार्च २००० मध्ये अमेरिकेतल्या थ्रीकॉम कंपनीने आपल्या पाम या उपकंपनीचे सुमारे ५ टक्के शेअर बाजारात विकले आणि उरलेले थ्रीकॉमच्या भागधारकांना त्याच वर्षी वाटून टाकू, असं जाहीर केलं. थ्रीकॉमच्या एका शेअरमागे पामचे जवळपास दीड शेअर मिळणार होते. पहिल्या दिवशी पाम ९५ डॉलरवर बंद झाला. म्हणजे थ्रीकॉमचा शेअर निदान १४० डॉलरचा असायला हवा होता, कारण तिचा स्वतःचा धंदा आणि रोकडही होती. तो होता ८२ डॉलरच्या आसपास. शाळकरी गणिताने दिसणारी ही चूक बाजाराला का सुधारता आली नाही? थ्रीकॉम घ्यायचा आणि पाम शॉर्ट करायचा, हा उपाय उघड होता. पण पामचे शेअर इतके थोडे होते, की उसने मिळतच नव्हते. जसजसे ते मिळू लागले तसतशी तफावत कमी होत गेली. एडवर्ड मिलर या अर्थशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच हे मांडून ठेवलं होतं: एखाद्या शेअरबद्दल मतभेद असतील आणि वाईट मत असलेल्यांना विकता येत नसेल, तर भाव फक्त आशावादी लोकांच्या मताने ठरतो. पामचं उदाहरण त्या विचाराचा पुरावा आहे. फोक्सवॅगनमध्ये आत आलेल्यांची कोंडी झाली, पाममध्ये बाहेरच्यांना आत येता आलं नाही. दोन्हीकडे शेअर दुर्मिळ होता आणि दोन्हीकडे भाव खोटा होता.

बंदी हा उपायही करून पाहिलेला आहे. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेने सुमारे ८०० वित्तीय शेअरच्या शॉर्ट सेलिंगवर तीन आठवड्यांपुरती बंदी घातली. इतर अनेक देशांनीही तेच केलं. अलेस्सांद्रो बेबेर आणि मार्को पगानो या अभ्यासकांनी ३० देशांतल्या या बंदींचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा, की बंदीमुळे उलाढालीतली सुलभता घटली, भावात माहिती उतरण्याचा वेग मंदावला आणि, अमेरिकेतल्या वित्तीय शेअरचा संभाव्य अपवाद वगळता, भाव सावरले नाहीत. जर्मनीतल्या वायरकार्डची कथा तर याहून बोलकी आहे. २०१९च्या फेब्रुवारीत या कंपनीच्या हिशेबांवर शंका घेतल्या जात असताना तिथल्या नियामकाने दोन महिने तिच्या शेअरमध्ये नव्याने शॉर्ट करण्यावर बंदी घातली आणि गैरव्यवहाराच्या बातम्या देणाऱ्या पत्रकारांविरुद्धच फौजदारी तक्रार केली. जून २०२० मध्ये उघड झालं, की १.९ अब्ज युरो मुळात अस्तित्वातच नव्हते. कंपनी बुडाली. बंदीच्या काळात आणि नंतर, सरकारनेच पाठराखण केली आहे असं समजून ज्यांनी तो शेअर घेतला असेल, त्यांना त्या संरक्षणाची किंमत मोजावी लागली. उलट अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीचे हिशेब जुळत नाहीत हे ओळखून जेम्स चॅनोस या मंदीवाल्याने तो शेअर २००० सालीच शॉर्ट करायला सुरुवात केली होती. कंपनी दिवाळखोर निघाली डिसेंबर २००१ मध्ये. कंपनीचे वार्षिक अहवाल बारकाईने वाचून त्यातलं लपवलेलं शोधायला ज्याला आर्थिक कारण आहे, असा बाजारातला माणूस मुख्यतः मंदीवालाच असतो.

तरी त्याचं प्रत्येक म्हणणं खरं मानायचं कारण नाही. आधी शॉर्ट करायचं आणि मग कंपनीविरुद्ध अहवाल प्रसिद्ध करायचा, यात स्वार्थ उघड आहे. जानेवारी २०२३ मध्ये हिंडेनबर्ग रिसर्च या अमेरिकी कंपनीने अदानी समूहाविरुद्ध अहवाल काढला, तेव्हा आपण परदेशातले रोखे आणि डेरिव्हेटिव्ह यांच्यामार्फत शॉर्ट असल्याचं तिने सांगितलं होतं. समूहाने आरोप फेटाळले, तरी थोड्याच दिवसांत समूहाच्या बाजारमूल्यातून १०० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम पुसली गेली. पुढे शेअर बऱ्याच अंशी सावरले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बाजार नियामक सेबीने त्यातल्या काही व्यवहारांबाबतचे आरोप सिद्ध होत नसल्याचा निर्णय दिला. म्हणजे मंदीवाल्याचं मत हे एक मत आहे, निकाल नव्हे. अफवा पसरवून भाव पाडणं हा गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे, जशी खोट्या जाहिराती करून भाव चढवणाऱ्याला व्हायला हवी. पण गुन्हा अफवेत आहे, विकण्यात नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो आणि तो अधिक मोहक आहे. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत गेमस्टॉप या व्हिडिओ गेम विकणाऱ्या दुकानसाखळीचा शेअर छोट्या गुंतवणूकदारांनी २० डॉलरच्या आतून दोन आठवड्यांत ३४७ वर नेला. बाजारात मोकळ्या असलेल्या शेअरपेक्षा शॉर्ट झालेले शेअर जास्त होते. हे अशक्य वाटतं, पण उसना घेऊन विकलेला शेअर ज्याने विकत घेतला, त्याच्या दलालाने तोच पुन्हा उसना दिला, की एकच शेअर दोनदा शॉर्ट होतो. गेमस्टॉप शॉर्ट केलेल्या मेल्विन कॅपिटल या फंडाने त्या एका महिन्यात निम्म्याहून अधिक पैसा गमावला आणि पुढच्या वर्षी गाशा गुंडाळला. धनदांडग्यांना सामान्यांनी धडा शिकवला, असं तेव्हा जगभर लिहिलं गेलं. पण तारखा नीट लावून पाहा. मेल्विनने आपला सौदा २६ जानेवारीलाच कापल्याचं सांगितलं. भाव ४८३ डॉलरवर पोचला तो २८ तारखेला. अमेरिकी नियामकाच्या अधिकाऱ्यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दिलेल्या अहवालात म्हटलं, की शॉर्ट कव्हरिंगचा वाटा होता, पण अनेक आठवडे भाव टिकवून धरला तो मुख्यतः इतरांच्या उत्साही खरेदीने. त्याच २८ तारखेला रॉबिनहूडसारख्या दलालांनी नवी खरेदी रोखली, कारण क्लिअरिंगसाठी त्यांच्याकडे अब्जावधी डॉलरची अनामत मागितली गेली होती. २ फेब्रुवारीला भाव ९० डॉलर होता. सुरुवातीला घेतलेल्या काहींनी कमावलं; पण तीनशे-चारशे डॉलरला ज्यांनी घेतलं, त्यांच्याकडून नाइलाजाने महाग घेणारा फंड आधीच बाहेर पडला होता. शेवटी सापडला तो उशिरा आलेला सामान्य माणूसच. स्क्वीझमध्ये संपत्ती निर्माण होत नाही. ती फक्त नाइलाज झालेल्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते आणि नाइलाज संपला की भावाला आधार उरत नाही.

आपल्याकडची व्यवस्था या दृष्टीने पाहायला हवी. उघड्या शॉर्टला, म्हणजे शेअर देण्याची सोय न करता केलेल्या विक्रीला, सेबीची परवानगी नाही. मात्र दिवसातल्या दिवसात शॉर्ट करून सौदा कापता येतो. तो कापला नाही आणि शेअर देता आले नाहीत, तर ते लिलावातून घेतले जातात आणि तो भुर्दंड विकणाऱ्यावर पडतो. अप्पर सर्किट लागलेल्या, म्हणजे भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला टेकलेल्या, शेअरमध्ये विकणाराच नसल्याने दुपारी अडकलेल्या कित्येकांना याचा चटका बसतो. बहुतांश शॉर्ट सेलिंग वायद्यांमधून (फ्युचर्स) होतं. शेअरच्या वायद्यांत आता मुदतीच्या दिवशी प्रत्यक्ष शेअर द्यावे लागतात, म्हणून मुदत जवळ येताच कोंडीची शक्यता वाढते. वायद्यांतले उभे, म्हणजे अजून न मिटवलेले, सौदे ठरलेल्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर गेले की त्या शेअरमधले आपले सौदे वाढवता येत नाहीत, फक्त कमी करता येतात. हा नियम कोंडी आटोक्यात ठेवायला उपयोगी आहे. संस्थांनी सौदा टाकतानाच आणि किरकोळ ग्राहकांनी दिवसअखेरपर्यंत शॉर्ट असल्याचं सांगावं, हाही नियम आहे. उणीव आहे ती शेअर उसने देण्या-घेण्याच्या बाजारात. एप्रिल २००८ पासून ती सोय आपल्याकडे आहे, पण तिथली उलाढाल एकूण बाजाराच्या मानाने नगण्य आहे. दीर्घकाळ शेअर धरून ठेवणाऱ्या फंडांनी आणि गुंतवणूकदारांनी ते व्याजावर उसने दिले, तर त्यांना थोडं उत्पन्न मिळेल आणि बाजारातला दुष्काळ कमी होईल. फोक्सवॅगन, पाम आणि १९८२ची मुंबई यांचा धडा हाच आहे: माल मोकळा असू द्या आणि कोणी किती विकलंय ते सर्वांना दिसू द्या. पोर्शेचे ऑप्शन आधीच जाहीर असते, तर एवढे लोक त्या शेअरमध्ये शॉर्ट झालेच नसते.

सामान्य वाचकाने यातून काय घ्यावं? एखादा शेअर अचानक उसळला तर कंपनीच्या धंद्यात काय बदललं हे आधी पाहावं. काहीच बदललेलं नसेल, तर बाजारात मोकळे शेअर किती, प्रवर्तकांकडे किती आणि वायद्यांतले उभे सौदे वाढत आहेत की घटत आहेत, हे तपासावं. भाव चढताना उभे सौदे घटत असतील, तर ती बहुधा नवी गुंतवणूक नसते, जुने मंदीवाले बाहेर पडत असतात आणि ते बाहेर पडले की खरेदीही थांबते. अशा भावात शिरणं म्हणजे दुसऱ्याच्या नाइलाजावर आपली बचत लावणं. तसंच, आपल्याकडच्या शेअरमध्ये कोणी शॉर्ट करतंय हे कळल्यावर चिडण्याऐवजी त्याचा आक्षेप वाचावा आणि ताळेबंदाशी ताडून पाहावा. तो चुकीचा असेल तर त्याची उद्याची सक्तीची खरेदी आपल्याच भावाला आधार देईल. बरोबर असेल तर त्याने आपल्याला वेळेवर सावध केलेलं असेल. ज्या बाजारात विरुद्ध मत मांडणाऱ्याला पैसे लावून उभं राहता येतं आणि चुकल्यावर किंमत मोजून बाहेरही पडता येतं, त्याच बाजारातला भाव विश्वासाने वाचता येतो. मंदीवाल्याची ही जागा राखणं सामान्य गुंतवणूकदाराच्या हिताचं आहे.